बोहारणीकडून आणलेलं बाळ

आमच्या आणि काकूंच्या घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. काका ते वर्षातून दोनदा मोठ्या कात्रीने कातरतात, तरी एकीकडे ते खांद्याला लागतं आणि एकीकडे कमरेला. मधोमध एक भगदाड आहे. ते आधी कुत्र्याने पाडलं, मग आमच्या ताईने मोठं केलं. ताई म्हणजे माझी थोरली. वय सहा, इयत्ता पहिली. जुलैपर्यंत तिला घरात चिऊ म्हणायचे. धाकटा आला आणि एका रात्रीत चिऊची ताई झाली. बढती झाली, पगारवाढ काही मिळाली नाही, आणि हे तिच्या चांगलं लक्षात आलेलं आहे.

जानेवारीत साताऱ्याला सकाळी अजिंक्यताऱ्याच्या अंगाने असं काही गार येतं की आंघोळ ही गोष्ट दुपारवर ढकलावीशी वाटते. ऊन आमच्या अंगणात आधी काकूंच्या बाजूच्या कोपऱ्यात उतरतं, म्हणून मी चटई तिथेच टाकते आणि बाळाला घेऊन बसते. पलीकडे काकू तुळशीला पाणी घालायला आलेल्या असतात. पाणी एक तांब्या, गप्पा पाऊण तास.

"बसतो का गं आता?"

"बसतो की. पुढे दोन्ही हात टेकून. बेडकासारखा."

"आणि मग?"

"मग विचार करतो. मग कलंडतो."

"कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"सासऱ्यांच्या वळणावर गेलाय तुझ्या. तेही जेवण झालं की उजवीकडेच कलंडायचे."

काकू चौतीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यात नर्स होत्या. उपकेंद्रावर, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर, पायी. त्यामुळे कॉलनीतल्या कुठल्याही बाळाबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण रस्त्यात कडेवरचं मूल दिसलं की आधी त्याची मांडी चिमटीत धरून बघतात आणि मग त्याच्या आईकडे बघून हसतात.

"कोपऱ्यावरच्या वहिनी भेटल्या काल दळणाला," मी म्हटलं. "त्यांचा नातू म्हणे सातव्या महिन्यात चालला."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. हे लक्षण असतं.

"कुठे चालला?"

"घरात. एकटा. वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे सगळीच लवकर चालतात."

"अगं, जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली पोरं मोजलीत. घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपल्याकडची दिल्लीची होती. २००६ साली तक्ता छापला. त्यात काही न धरता एकटं चालायचं वय आहे सव्वाआठ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. नॉर्वेचं पोर सातव्यात चाललं नाही आणि वहिनींचा नातू चालला?"

"मग?"

"टीपॉय धरून उभा राहिला असेल. ते पाचव्यापासून अकराव्यापर्यंत कधीही राहतात. वहिनींनी धरलं असेल हाताला, दोन पावलं पडली असतील. झाला चालला! उद्या म्हणतील, सायकलवरून दूध आणतो."

आणि मग आवाज खाली आणून, मेंदीत तोंड खुपसून, "त्यांचा मुलगा, ह्या पोराचा बाप, मीच टोचलाय लहानपणी. सव्वा वर्षाचा होईपर्यंत ढुंगणावर सरकत होता. रांगलाच नाही. काही रांगतच नाहीत मेली, सरळ उठून चालतात. त्या पाच देशांतसुद्धा शंभरात चारेक तशी निघाली. पण त्या वेळी वहिनींची झोप उडाली होती. रोज यायच्या. आता विसरल्या."

मला हे ऐकून किती बरं वाटलं ते सांगण्यासारखं नाही. सहा वर्षांपूर्वी ह्याच वहिनींनी मला रडवलं होतं. चिऊ साडेचार महिन्यांची होती, पालथी पडत नव्हती, आणि वहिनी जाता-येता फाटकातून विचारायच्या, "अजून नाही?" माझ्याकडे तेव्हा एक वही होती. दोनशे पानी, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, शी कोणत्या रंगाची, झोप किती. पहिलटकरीण ना! माझ्या नवऱ्याने त्या वहीवरून कॉम्प्युटरवर आलेख काढला होता. तो डॉक्टरांना दाखवला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "मूल हसतं का तुमच्याकडे बघून?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. हसण्याचा रकाना आम्ही आखलाच नव्हता.

ह्याच्या वेळी वही नाही. खरं तर घेतली होती. पहिल्या पानावर जन्मतारीख आणि वजन, दोन किलो नऊशे. दुसऱ्या पानावर ताईने मांजर काढलं. तिसऱ्यापासून दूधवाल्याचा हिशेब आहे.

"मग पालथा कधी पडला ते लिहिलंयस का कुठे?" काकूंनी एकदम विचारलं.

"लिहिलंय. कालनिर्णयवर."

ते खरं आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, नोव्हेंबरच्या पानावर, बारा तारखेच्या चौकोनात दोन ओळी आहेत. वर 'सिलिंडर लावला' आणि खाली 'बाळ पालथं'. पण ती तारीखही अंदाजाचीच. चिऊ पालथी पडली तेव्हा तीन मोबाइल तिच्यावर रोखलेले होते. माझा, तिच्या बाबांचा आणि माझ्या वडिलांचा. तिने कूस बदलली की श्वास रोखायचे सगळे. एक हात अंगाखाली अडकला तर माझी आई "अडकला गं, अडकला" म्हणून धावायची आणि सोडवायची, आणि मग परत पहिल्यापासून. शेवटी कंटाळून एकदाची पडली पालथी, आणि एवढ्या टाळ्या झाल्या की घाबरून भोकाड पसरलं तिने. ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये आहे.

हा पडला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. ताई आत आली आणि म्हणाली, "आई, बाळ उलटं झालं."

"उलटी झाली?"

"उलटी नाही. उलटं. बाळ."

मी पळी टाकून बाहेर गेले, तर साहेब पोटावर, मान वर, आणि समोर पडलेली ताईची पट्टी चाटायचा प्रयत्न चालू. पंधरा सेंटिमीटरची. मी विचारलं, "कधी झालं गं?" तर ताई म्हणाली, "आज नाही, कालपण झालं होतं. परवापण. मी परत सरळ करून ठेवते."

हे ऐकल्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना तुळशीवृंदावनाचा आधार घ्यावा लागला.

"आणि फोडणी?"

"जळली."

"जळू दे. कडीपत्ता तोडून नेशील नंतर, नवी घाल. तुझं हे बाळंतपण आमच्या डोळ्यांदेखत झालं म्हणून मजा गं. पहिलीला घेऊन तू आलीस ती चार महिन्यांची करूनच."

पहिलं माहेरी, दुसरं सासरी, ही रीत कोणी घातली कोण जाणे, पण शेजाऱ्यांच्या दृष्टीने सोयीची. माहेरी मी कोल्हापुरात, आईच्या हाताखाली, राजकन्या. इथे आषाढातल्या धो धो पावसात, बाहेर बारा दुपटी आणि अठरा लंगोट, एकही वाळेल तर शपथ. काकूंनीच तेव्हा भगदाडातून शेगडी सारली आणि वर उपडं घालायला डालगं दिलं. निखाऱ्यावर ओव्याची धुरी, डालग्यावर दुपटी. घरभर असा वास सुटायचा की दूधवाला दारातून म्हणायचा, "बाळंतिणीचं घर झालं बघा." आणि रोज सकाळी स्टीलच्या वाटीतून अळिवाची खीर. रिकामी वाटी परत द्यायची नाही म्हणून मी तिच्यात काहीतरी घालायची. कधी चार जास्वंदीची फुलं, कधी लिंबू, एकदा तर काहीच नव्हतं म्हणून ताईने खडू घातला. ती वाटी सहा महिने त्या भगदाडातून ये-जा करते आहे. तिच्यावर काकूंच्या थोरल्या मुलाचं नाव कोरलेलं आहे, ठिपक्या-ठिपक्यांनी, आणि खाली तारीख. मुलगा आता चाळिशीत.

त्या वाटीवरून विषय निघाला की हमखास काकूंच्या धाकटीवर जातो.

"तिच्या नावाचं एक भांडं नाही घरात," काकू म्हणाल्या. "थोरल्याच्या बारशाला सतरा भांडी आली. वाट्या, फुलपात्री, दोन तांबे, एक घंगाळं. सगळ्यांवर नाव. ही झाली तेव्हा लोक म्हणाले, भांडी आहेतच की. सगळ्यांनी झबलीच आणली. त्यातली अर्धी परत दुसऱ्यांच्या बारशाला मी दिली. मग काय, थोरला तिला चिडवायचा, तुला बोहारणीकडून आणलंय. जुन्या तीन साड्या आणि बाबांची पँट देऊन."

"आमच्याकडेही हेच चिडवायचे. मला तर खरं वाटायचं."

"हिलाही वाटलं! पाच वर्षांची असेल. एकदा बोहारीण दारात आली, तर ही जाऊन तिच्या टोपलीत वाकून बघते आहे. मी विचारलं काय गं, तर म्हणते, माझ्या नावाची वाटी तिथेच राहिली असेल."

ह्यावर दोघी थोडा वेळ गप्प बसलो. बाळ कलंडलं. उजवीकडे.

"फोटो तरी आहेत का?"

"छत्तीस फोटोंचा रोळ यायचा तेव्हा. थोरल्याचा पाटावर उपडा निजलेला स्टुडिओतला आहे, रांगतानाचा आहे, ताटलीवर डाव आपटतानाचा आहे. हिचा पहिला फोटो तिसऱ्या वर्षीचा, तोही लग्नातला, आणि त्यात ही अर्धीच आलीय. दुसरं अर्धं बँडवाल्याच्या मागे."

आमच्या ह्याचं तसं नाही, मोबाइलमध्ये फोटो ढिगाने आहेत. पण मी परवा बघायला बसले तर लक्षात आलं, बहुतेक फोटोंत ताई आहे आणि एका कोपऱ्यात बाळाचा पाय. ताई मोबाइल हिसकावून घेते आणि स्वतःचे काढते. एका फोटोत नुसती टाळू आहे, तेल थापलेली.

टाळूवरून आठवलं. तेल थापण्यावरून आमच्या सासूबाईंचं आणि माझं काही नाही. मालिश करायला न्हाऊ घालणाऱ्या मावशी यायच्या, पायांवर घालून त्या अशी काही रगडायच्या की बाळ आणि मी दोघंही झोपायचो. भांडण गुटीवरून झालं. सासूबाईंनी पेठेतून नवी सहाण आणली, आणि एक डबी. वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, अतिविष, सगळं सगळं. मी म्हटलं, डॉक्टर म्हणालेत सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, तुझा नवरा गुटीवर वाढलाय. ह्यावर मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही.

"काकू, तुम्ही तेव्हा कुंपणावरून मला डोळा मारला होतात. आठवतंय? काय सांगत होतात?"

काकूंनी मागे वळून पाहिलं. काका ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर हलला नाही, म्हणजे ऐकत होते.

"मी नर्स. दिवसभर वाड्यांवरून बायांना सांगत फिरायची, पहिला चीक पिळून टाकू नका, सहा महिने वरचं काही देऊ नका. आणि घरी आले की माझ्या सासूबाई सहाण घेऊन तयार. काय बोलणार? म्हटलं, द्या, मीच देते उगाळून. रोज दहा वळसे, खर्र खर्र, त्यांच्या खोलीत आवाज जाईल एवढे. आणि चाटण माझ्याच जिभेवर. सात महिने! अतिविष काय कडू असतं माहितीये? थोरल्याला एकदा पोटदुखी झाली नाही, आणि सासूबाई सगळ्या गल्लीत सांगायच्या, आमच्या गुटीचा गुण."

"आणि तुम्हाला?"

"मला बाई तेव्हापासून आजतागायत पचनाचा त्रास नाही."

पेपर हलला.

सासूबाईंचा एकच आग्रह मी मोडला नाही, तो पाचवीचा. पाचव्या रात्री पाटावर पूजा मांडली. कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. घरात दिवा तेवता, मी बाळाला कुशीत घेऊन, बाहेर पाऊस. मला खरं तर गंमत वाटत होती आणि थोडं भरूनही येत होतं. सकाळी उठून बघते तर कागद कोरा नाही. सासूबाईंनी हात जोडले. मी चष्मा लावला. पेन्सिलीने, पहिलीच्या अक्षरात, दुरेघी ओळी स्वतःच्या आखून लिहिलं होतं, 'माझी खेळणी घेऊ नये. ताई.' खाली मांजर.

आता ह्याचं नशीब ते एवढंच. सहा महिन्यांत त्याने तिचं एकही खेळणं घेतलेलं नाही, पट्टी सोडल्यास.

तिच्या बाजूने पाहिलं तर पहिले दोन महिने तिने फार सोसलं. शाळेतून यायची आणि सरळ पाळण्यात चढायची. दूध बाटलीतून मागायची, मी दिलं, दोन घोट घेतले आणि म्हणाली, "ईऽ, गार आहे." ऑगस्टात एक दिवस काकू भगदाडापाशी आल्या, तर ही त्यांच्याशी व्यवहार करायला उभी. आमचं बाळ घ्या, तुमची मांजर द्या. काकूंनी तो अगदी गंभीरपणे घेतला. कागद आणला, अटी लिहिल्या. मांजरीला दोन पिल्लं होती, ती कोणाकडे? बाळाचे लंगोट कोणी धुवायचे? ताई विचारात पडली. संध्याकाळी जेवताना मला म्हणाली, "काकूंची मांजर म्हातारी आहे. नको." कागद काकूंनी जपून ठेवलाय. म्हणतात, हिच्या लग्नात वाचून दाखवीन.

मग काहीतरी फिरलं. दीडेक महिन्याचा झाला तेव्हापासून तो झोपेत नव्हे, जागेपणी बघून हसायला लागला होता. झोपेतलं हसू सटवाईचं, जागेपणीचं माणसांचं, असं सासूबाई म्हणतात, आणि काकूही म्हणतात की सहाव्या-सातव्या आठवड्यात हे माणसांचं हसू येतंच. पण ते ओठातल्या ओठात. खिदळणं निराळं. चिऊच्या वेळी आम्ही ती खिदळावी म्हणून खुळखुळे, टाळ्या, माकडउड्या, तिच्या बाबांनी तर डोक्यावर पातेलं घेतलं होतं. ह्याच्यासाठी कोणाला वेळ नव्हता. कार्तिकातली गोष्ट. ताईने वेणी घालताना मान हलवली, भांग वाकडा झाला, मी चिडले, कंगवा आपटला आणि म्हटलं, "सरळ बस की गं जरा!" आणि मागून आवाज आला. असा घुंगरं सांडल्यासारखा. मी वळून बघितलं. पाळण्यात आडवा पडून, तोंडाचं बोळकं उघडून, हा मला हसत होता. मला! मी रागावले म्हणून. ताईने ते बघितलं. एक क्षण तिलाही कळेना. मग ती इतक्या समाधानाने हसली की विचारू नका. त्या दिवसापासून दोघांची एक पार्टी, मी विरोधी पक्ष. आता ती मुद्दाम मला चिडवते आणि त्याच्याकडे बघते, हसला का.

तर मला काय वाटतं माहितीये, हे मी काकूंना म्हटलंही. पहिलीच्या वेळी मी परीक्षेला बसले होते. पेपर तपासणारे शंभर. ह्याच्या वेळी वर्गात कोणीच नाही, मी आपली खिडकीतून बाहेर बघत बसलेय. त्याची मूठ उघडून बघायची, तिच्यात कुठून एवढी लोकर येते. पाजताना तो एक हात वर करून माझी हनुवटी चाचपतो, किल्ली शोधावी तसा. चिऊसुद्धा करत असेल. मी तेव्हा घड्याळ बघत होते.

काकू काही बोलल्या नाहीत. "ऊन सरकलं, त्याला इकडे घे," एवढंच म्हणाल्या.

मिक्सर लावला तरी हा झोपतो. चिऊ झोपली की आम्ही कुकरची शिट्टी काढून फडक्याने वाफ धरायचो, आणि दाराच्या बेलवर चिकटपट्टी. हा ताईच्या पाढ्यांवर झोपतो. बेचा पाढा संपला की उठतो, तिनाचा ऐकायला.

लसीला मात्र दोघं सारखीच. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, तीनही वेळा मी आधी रडले आणि मग बाळ. दोन्ही मांड्यांत टोचतात ना आता. त्यातली न्यूमोनियाची लस ताईच्या वेळी आम्ही बाहेर पैसे मोजून घेतली होती. २०२१ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. काकू बरोबर येतात आणि तिथल्या नव्या नर्सबाईंच्या मागे अशा उभ्या राहतात की त्या बिचारीचा हात थरथरतो. मागच्या खेपेला काय झालं, आम्ही बाकावर बसलो होतो. आतून नाव पुकारलं. एकदा, दोनदा. मी आपली इकडेतिकडे बघतेय, कोणाचं बाळ आहे, जात का नाहीत. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ताईने कोपराने ढोसलं, "आई, आपलंच आहे ते."

त्याचं पाळण्यातलं नाव! चांगलं चार अक्षरी आहे हो. पण चिऊच्या नावासाठी आम्ही चार महिने पुस्तकं चाळली, अर्थ बघितले, आडनावाबरोबर म्हणून पाहिलं. ह्याचं नाव बारशाच्या आदल्या रात्री ठरलं, तेही आत्याने फोनवर सांगितलं आणि पावसात नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याच पोचेपर्यंत उशीर. आली, ओल्या साडीनिशी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले, आणि त्यानंतर ते नाव कोणी उच्चारलं असेल तर शपथ. सगळ्यांचा तो बाळ्या.

"दाखल्यावर तरी घातलंय ना नाव?" पेपरमागून आवाज आला. काका नगरपालिकेत होते.

"घालायचंय अजून, काका."

"काय ते! जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली, ती झाली?"

"ती दवाखान्यातूनच झाली."

"मग नाव वर्षाच्या आत घालून घ्या. फी नाही. पुढे पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण विलंब शुल्क. आणि आता २०२३च्या ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे हा एकच दाखला लागतो. नाहीतर उद्या शाळेत हजेरी घेतील, बाळ्या म्हणून."

"तिथे निदान उठून 'हजर' तरी म्हणेल," काकू म्हणाल्या. "आईसारखा बघत नाही बसणार."

मग उष्टावणाचं निघालं. परवा सहा महिने पुरे झाले. मुलाचं सम महिन्यात करतात, सहाव्यात नाहीतर आठव्यात, मुलीचं विषम. काकू म्हणतात सहा सरल्यावर लगेच, मग लांबवू नये, कारण नुसत्या दुधातलं लोह आता पुरत नाही. आणि ही पहिलीच संक्रांत, म्हणजे बोरन्हाणही आलं. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. मी म्हटलं, एकाच दिवशी दोन्ही उरकू. चिऊच्या वेळी दोन निरनिराळे समारंभ, दोन झबली, हलव्याचे दागिने पुण्याहून. ह्याला तिचेच दागिने आहेत, डब्यात. मुकुटाचा थोडा हलवा मुंग्यांनी नेलाय, तेवढी बाजू मागे करायची.

"बोरं, शेंगा, करवे डोक्यावरून टाकू नकोस हं ह्याच्या," काकूंनी बोट उगारलं. "एक दाणा घशात गेला की संपलं. नुसते चुरमुरे टाक. बाकीचं पोरांच्या हातात दे. आणि मामाला सांग, खिरीत मध नको, वर्षाचा होईपर्यंत. चमच्याचं टोक, एवढंच. थुंकेल. थुंकू दे."

"वजन सात किलो शंभर भरलं परवा. वहिनी म्हणाल्या, वाळलाय."

"वहिनींना म्हणावं कार्ड बघा. हिरव्या पट्ट्यात आहे, रेघ वर चाललीय. जन्माच्या दुप्पट पाचव्या महिन्यातच झालं. अजून काय हवंय, पैलवान?"

लाळ मात्र धबधब्यासारखी गळते. दर तासाला लाळेरं बदलते. वहिनींचं म्हणणं, माझे डोहाळे नीट पुरवले नाहीत. मी हे घरी सांगितलं, तेव्हा माझा नवरा फार दुखावला. म्हणाला, मार्चमध्ये रात्री साडेअकराला पोवई नाक्यावर जाऊन भेळ आणली होती ती काय होती? मी त्याला सांगितलं नाही, पण मला त्या रात्री कंदी पेढे हवे होते. लाजून बोलले नव्हते.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दात यायची वेळ आहे ती. पण पेढ्यांचं लक्षात राहू दे, कधीतरी वसूल कर."

एवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली आणि मी उठायला लागले, तर काकू म्हणाल्या, थांब. आत गेल्या. येताना हात पदराखाली.

"उष्टावणाला म्हणून घेऊन ठेवली होती, पण माझ्याच्याने दम निघत नाही. धाकटीचा फोन होता परवा पुण्याहून. बजावलंय तिने. म्हणाली, आई, त्या बाळाला दादाची वाटी देऊ नकोस. नवी घे. आणि नाव घातल्याशिवाय देऊ नकोस."

नवी कोरी स्टीलची वाटी, भांडीवाल्याकडचं तेल अजून काठाला. मी ती उन्हात धरली. ठिपक्या-ठिपक्यांनी, वळणदार अक्षरात, खाली जन्मतारखेसकट कोरलं होतं,

चि. बाळ्या.

"अगं, भांडीवाला मशीन हातात घेऊन उभा, म्हणाला नाव सांगा," काकू सांगत होत्या, "आणि मला काही केल्या आठवेना. ह्यांना फोन केला, ह्यांनाही आठवेना. दुकानात गर्दी. म्हटलं, घाल."

मी वाटी बाळाच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, म्हणजे पुढे टेकायला हात उरला नाही, आणि तसाच वाटीसकट डावीकडे कलंडला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "बाजू बदलली."